आठ नंबरचे बूट

खडकवासल्याचं पत्र फ्रिजवर आहे,
गॅस एजन्सीच्या मॅग्नेटखाली.
मंगळवारपर्यंत कळवायचंय.

ऐरोलीच्या कॉलेजात एनसीसीचे बूट
स्टोअरमधून मिळतात, सही करून.
माझे आठ नंबरचे. पाय सहाचा.
पुढे कागद कोंबून मी वर्षभर
दाहिने मुड केलंय.
आत बॉलपेनने कुणाचं तरी नाव : तांडेल.

देवनाथकाका, रिटायर्ड सुभेदार, म्हणतात,
तिथे सगळं मापून देतात,
बूट, झोप, बोलणं.
कॉलेज करून जाशील तर
तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, पुन्हा रांग.
खरंय.

आई डबे भरत होती,
बावीस, रबाळ्याच्या कंपनीचे.
वर न बघता म्हणाली,
"तिथे संध्याकाळी बूट काढले
की मुली कुठे जातात गं?"

मला सांगता आलं नाही.

रात्री खाडीकडून चिखलाचा वास.
गॅलरीत बसून बुटातला कागद काढला.
गेल्या जूनचा पेपर,
घामाने भिजून, वाळून, पुन्हा भिजून
माझ्या बोटांच्या आकाराचा झालेला.
अक्षरं गेलीत.
टाकवेना.

परत आत कोंबला.
उद्या रविवार. सहाला परेड.