वेस्टेज

उलव्याच्या सेक्टर एकोणीसमध्ये
मी उन्हाचा हिशोब ठेवते.
कुठली काच किती ऊन आत सोडेल,
कुठली भिंत किती तास गारवा धरेल,
पश्चिमेच्या बेडरूममध्ये दुपारी चारला काय होईल,
जिथे अजून कुणी झोपलेलंसुद्धा नाही.

चौतीस मजले. तीन जाड फायली.
शेवटी एक हिरवं प्रमाणपत्र मिळतं,
ते लॉबीत लावतात, लिफ्टच्या बाजूला.

टॉवरमागे, नाल्याला लागून, पत्र्याच्या खोल्या.
नकाशात त्यांच्या जागी तिरप्या रेघा
आणि एकच शब्द: तात्पुरते.
चार वर्षं झाली.
रात्री अकराला सुपरवायझर फ्यूज काढतो,
खिशात घालून घरी नेतो.
त्यालाही वीजबचतच म्हणतात.

एप्रिलात थर्मामीटर पिशवीत तसाच राहिला
आणि मी पल्लेवाड मुकादमाकडे हजेरी विचारायला गेले.
बैजंतीनं पाणी दिलं, तांब्याला घाम सुटलेला.
मी सहज आकडा बघितला. सत्तेचाळीस.
"कुणाला ताप हाय?" तिनं विचारलं.
म्हटलं, घराला.
"मग पट्ट्या ठिवतेच की रोज,"
म्हणत तिनं वर बोट केलं.
छतावर ओलं गोणपाट.
ओळखीचं होतं ते.
कॉलमला आम्ही तेच गुंडाळतो, सात दिवस,
काँक्रीटला तडे जाऊ नयेत म्हणून.
आठव्या दिवशी ते कुठे जातं
हे कुणी मला विचारलं नव्हतं,
मीही कुणाला नाही.

मे महिन्यात स्टोअरमधून घरतकाकांचा फोन:
"मॅडम, एसीच्या डक्टचं रबर कमी भरतंय.
चांदी लावलेलं. चाळीस मीटर."

मी गेले. दार ढकललं.
आतून सगळं छत चंदेरी,
वीतभर, दोन वीत, कोपरे, त्रिकोण,
बाइंडिंग वायरनं टाचलेले,
गोधडीला ठिगळं जोडावीत तसे.
खाली पोरगं झोपलेलं,
कपाळ कोरडं.
एक्केचाळीस.

सहा अंश.
माझ्या फाईलमध्ये सहा अंशांसाठी
सल्लागार पुण्याहून येतो,
जेवण धरून बिल लावतो.
बैजंती माझ्या हाताकडे बघत उभी,
मी ते काढायला सांगेन म्हणून
पक्कड आधीच हातात घेऊन.

"चोरी लिहू?" काकांनी विचारलं.
वेस्टेज लिहा.
"वेस्टेज चार टक्केच धरलंय."
मग?
चष्मा कपाळावर सरकवून
ते बराच वेळ रजिस्टरकडे बघत राहिले.
"पाच करतो. शेजारच्या खोलीत बाळंतीण हाय."

डिसेंबरात प्रमाणपत्र आलं. पेढे वाटले.
त्याच आठवड्यात कॅम्प उठला, द्रोणागिरीला.
पत्रे सुटे झाले, नंबर पडले,
ट्रकमध्ये एकावर एक आडवे.
एका पत्र्यावर खिळ्यानं ओढलेल्या रेघा,
गुडघ्यापासून कमरेपर्यंत,
पोराची चार वर्षं.
"तिकडं उलटा बसवतील," बैजंती म्हणाली,
"मागच्या बारीला थोरलीचा तसाच बसविला.
मोजायला गेले, तर पोरगी बुटकी झालती."

मी मार्कर काढला.
काचेच्या पेटीवर असतो तसा
पत्र्यावर एक बाण काढला
आणि लिहिलं: ही बाजू वर.