भेसळ

माझे वडील हाडाचे कुंभार.
तोकी गावात एकेक धुरांडं थंड पडत गेलं
तरी त्यांचं पेटायचं.
मी नागोयाच्या प्रयोगशाळेत हाडं भाजते,
म्हणजे हाडांसारखं काहीतरी:
कॅल्शियम, फॉस्फेट, पांढरी भुकटी,
मैद्याहून मऊ, वास नसलेली.
नुसतीच अंगात घातली तर
परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी
कोपरा धरून बसते, कुणाशी बोलत नाही.
म्हणून तिच्यात थोडं स्ट्रॉन्शियम.
थोडं जस्त.

"म्हणजे भेसळ," वडील म्हणाले होते,
झिलईच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून.
हो, म्हटलं.
"किती?"
शंभरात पाच. जस्त त्याहून पुष्कळ कमी,
जास्त झालं तर पेशी मरतात.
त्यांनी हात बाहेर काढला, निथळू दिला.
"तांब्याचंही तसंच.
चिमूटभर टाकलं तर तळ्याचा हिरवा,
मूठभर टाकलं तर जळका काळा.
शिवाय चिमूट कुणाची, तेही बघावं लागतं.
माझ्या बापाची बोटं जाड होती."
मग बऱ्याच वेळानं,
"किती डिग्री?"
अकराशे.
"आमच्याहून दीडशेनं कमी."
एवढंच. पण दिवसभर
जिंकल्यासारखे वावरत होते.

त्या ऑक्टोबरात ते भट्टीच्या छपरावरून पडले.
गुडघ्याखाली नडगीचं हाड आत दबून
सुपारीएवढा खड्डा.
डॉक्टर इवासेंनी त्यात आमचे कण भरले,
चौदावा घाणा.
तो मी स्वतः चाळला होता,
हे मी वडिलांना सांगितलं नाही.
नियमानं सांगायचंही नव्हतं.

पहिल्या महिन्याचा एक्स-रे:
खड्ड्यात तांदळाची कणी सांडलेली, लख्ख.
सहाव्या महिन्याचा:
कडा पुसट, जरा धुकं.
पुढच्या तपासणीला ते गेलेच नाहीत.
भट्टी लावायची होती, म्हणे.
त्याच्या पुढच्या खेपेला चहाचे पेले होते.
मग मी आठवण करणं सोडलं.
माझ्या तक्त्यात एकवीस ओळी पूर्ण
आणि बावीसावी अर्धी.

सात वर्षांनी, फेब्रुवारीत,
दहनगृहातल्या माणसानं ट्रे बाहेर ओढला.
गरम होता अजून.
माझ्या हातात दोन काड्या दिल्या,
एक बांबूची, एक लाकडाची, मुद्दाम बेजोड,
आणि समोर तोमिए आत्या, तशाच काड्या घेऊन.
एकच हाड दोघींनी मिळून उचलायचं.
पायांपासून सुरुवात,
म्हणजे कलशात माणूस उलटा राहात नाही.

घोट्याचा तुकडा. टाचेचा.
मग नडगी.
मी काड्या हलूच दिल्या नाहीत.
तुकडा उजेडाकडं फिरवला,
आत्याचं मनगटही सोबत वळलं.
मधाच्या पोळ्यासारखी जाळी,
एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकसलग.
कुठं सुरू झालं, कुठं संपलं, काही नाही.
कणी नाही.
पाहुणा नाही.

"काय हरवलंय?" आत्यानं विचारलं.

हा पुरावा नव्हे, हे मला कळतं.
एक माणूस, एक हाड,
तेही आगीतून निघालेलं,
आणि बघणारी त्याची मुलगी.
असला निकाल कुणी आणला असता
तर मीच फेटाळला असता.
तरी त्या अर्ध्या ओळीत
मी मनातल्या मनात एक शब्द लिहिला:
मुरलं.

मग दहनगृहाच्या माणसाला विचारलं,
"किती डिग्री?"
तो गोंधळला. असं कुणी विचारत नसावं.
"नऊशेच्या आसपास," तो हळूच म्हणाला.
"आमच्याहून दोनशेनं कमी," मी म्हणाले.
आत्यानं माझ्याकडं पाहिलं,
तिला हसू आलं की रडू, ते ओळखता येईना.
हिरव्या कलशात,
त्यांनीच भाजलेल्या, एका बाजूनं जरा काळवंडलेल्या,
तुकडा टणकन पडला.

पुढं गुडघा होता.