त्रेसष्ट तपकिरी

लेओकादियाचं टेबल उत्तरेच्या खिडकीपाशी.
ऊन तिथं आत येत नाही,
उन्हाचं शहाणपण तेवढं येतं.
समोर आजच वळलेले हजार सिगार,
आणि ती म्हणते,
हे सगळे तपकिरी आहेत असं जो म्हणेल
त्याला माझ्या घरी जेवायला वाढणार नाही.

मी नवी होते. मला तीनच दिसायचे:
कॉफी, फिकी कॉफी, करपलेली कॉफी.
तिला त्रेसष्ट.
भिंतीवर तक्ता होता, त्यात त्यांची सरकारी नावं.
तिची नावं निराळी.
घोडीचं पोट.
मुकादम फर्मिनच्या आत्याचं कोपर.
वादळानंतरची नदी, तिसरा दिवस
(दुसऱ्या दिवशीची वेगळी गं, ती तिकडे ठेव).
पेटीत डावीकडून गडद, उजवीकडे उतरत फिकट,
पंचवीस भाऊ खांद्याला खांदा लावून;
कुणाचं कुणाशी वाकडं आहे
हे पेटी उघडणाऱ्याला कळता कामा नये.

वरचं पान सान लुईसहून यायचं,
कधीकधी तिच्या भावाच्या, एलिसेओच्या, शेतातून.
पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली
ऊन गाळून प्यायलेलं पान.
ती ते बोटांवर ताणायची, कानाजवळ न्यायची,
म्हणायची, यंदा हा उशिरा झोपला.
ज्या वर्षी चक्रीवादळानं त्याचं वाळवणघर
पत्त्याच्या बंगल्यासारखं बसवलं,
त्या वर्षी एलिसेओनं पानं टांगली स्वयंपाकघरात,
पलंगाच्या वर, न्हाणीघरात, जिथं दांडी बसेल तिथं.
त्या पानांना कांद्याचा वास होता म्हणे.
तिनं कुणाला सांगितलं नाही. रंग तेवढा लावला.

सप्टेंबरात तिनं घोडीचं पोट
नदीच्या शेजारी ठेवलं.
मी पाहिलं.
पलीकडच्या दालनात वाचक पेपर वाचत होता,
बेसबॉलचे निकाल, मग सिमेंट कधी येणार ते,
आणि दोनशे पाती लाकडावर टकटकत होती.
मी हात पुढे केला, दोन सिगार अदलाबदल केले.
ती खिडकीकडे पाहत राहिली.
"आज ढग आहे ना?"
आभाळ घासून पालथ्या घातलेल्या बशीसारखं होतं.
"आहे," मी म्हटलं.

मग तो ढग रोज आला.
फेब्रुवारीपर्यंत मुक्कामाला होता.
ती सिगार उचलायची, माझ्याकडे धरायची,
काही विचारायची नाही,
आणि मी हळूच म्हणायचे: कोपर. नदी. पुन्हा कोपर.
तिचे हात ठेवत जायचे.
फर्मिन मागून फिरायचा, पेट्या पाहायचा,
मान डोलवायचा. आत्या त्याच्या नाकासमोर
ओळीत निजलेली असायची.

एकदा एक असा आला की त्याला नावच नव्हतं.
तक्त्यावरही नाही, तिच्यापाशीही नाही.
मी म्हटलं, दूध संपलं त्या सकाळची कॉफी.
ती थांबली. सिगार नाकाखालून फिरवला.
"दूध संपतं तेव्हा साखरही संपलेली असते," ती म्हणाली.
"नीट बघ."
मी नीट पाहिलं.
साखर नव्हती.

त्या पेट्या कुठल्या बंदरात उतरतात
आम्हाला ठाऊक नाही.
कुणीतरी झाकण उघडत असेल, बोलता बोलता,
आणि मधलाच उचलत असेल.

आता ती सान लुईसला, भावाकडे.
मोतीबिंदूच्या यादीत नाव आहे. यादी लांब आहे.
वाळवणघराच्या दारात बसून
सुई-दोऱ्यानं पानं ओवते, जोडीजोडीनं,
आणि अजून हिरवं आहे की नाही यावरून
एलिसेओशी भांडते.
रविवारी त्याचा फोन येतो.
सांगत होता, उठल्या उठल्या विचारते, ढग आहे का रे?
मी त्याला समजावलं, आहे म्हण,
तेवढ्यानं काय जातं.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
तंबाखूवाला माणूस तो.
आभाळाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नाही.