नऊ वॅट

एर्लेंडच्या टॉफीच्या डब्यात काय निघालं, सांगते:
फेरीबोटीच्या इंजिनाचे तीन वॉशर,
दातांनी चावलेली एक पेन्सिल,
आणि हा निळा चिमटा.
तारेला कवेत घेतो, तिच्यातून जाणारी वीज मोजतो,
तारेला ओरखडाही न काढता.

त्याच आठवड्यात ॲबर्डीनहून मुलीनं पाठवली
वीज मोजायची पेटी. आई, बिलाकडे बघ जरा.
चिमटा वेगळा विकत घ्यावा लागतो म्हणे.
बाबांचा आहे ना घरात, म्हणाली.

पिन बसली. टक् असा आवाज झाला.
जे बसतं ते चालतं, असं मी सत्तर वर्षं मानत आले,
बुटांच्या बाबतीतसुद्धा.

आधी चिमटा लावला अख्ख्या केबलभोवती.
शून्य.
किटली खदखदतेय, आणि शून्य.
शेजारच्या फ्लेटांचा रॉग्नवल्ड आला, म्हणाला,
थोरा, जाणारी आणि परतणारी एकाच मुठीत धरलीस
तर त्या एकमेकींना पुसून टाकतात.
एकटीला धर.
(चव्वेचाळीस वर्षांच्या संसाराबद्दल
इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं,
आणि तो तर विजेबद्दल बोलत होता.)

एकटीला धरलं. आकडे आले.
किटली: चारशे साठ वॅट.
साऱ्या सँडे बेटावर एवढी स्वस्त किटली कुणाची नसेल!
नुसता आकडा बघायला मी दोनदा चहा केला.
रात्री एकेक बटण बंद करत वर गेले, सवयीनं,
तरी पेटीवर नऊ वॅट.
नऊ म्हणजे काय, भिंतींनी घेतलेला श्वास.
झोपले.

तिसऱ्या दिवशी किटली घासताना ती उलटी झाली.
बुडाशी लिहिलेलं: २००० वॅट.

रॉग्नवल्डनं टॉर्च धरून चिमट्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली.
याच्या पोटातच रोध आहे, म्हणाला,
हा व्होल्टमध्ये बोलतो.
पेटी ऐकते मिलिअँपिअर, तिचा रोध तिच्यापाशी.
दोन रोध शेजारी बसले की आकडा पाव भागाच्याही आत जातो.
म्हणजे किटली खरी, पेटी खरी, चिमटाही खरा.
दक्षिणेकडचे पाहुणे आमच्या ‘पीडी’ शब्दाला
मान डोलावतात आणि भलतंच समजतात,
तसलं काहीतरी.

पेटीच्या बोलीतला चिमटा फेरीनं आला,
वाऱ्यामुळे दोन दिवस उशिरा.
याच्या पोटात रोध नाही,
म्हणून आधी पिन पेटीत, मग चिमटा तारेवर,
उलटं केलंस तर अंगावर येईल.
बाण मीटरकडून घराकडे.
एवढं बजावून तो मेंढ्यांकडे गेला.

किटली: एकोणीसशे नव्वद.
रात्री, सगळं बंद केल्यावर: चाळीस.

नऊ सोडून दिले असते. दिलेच होते.
चाळीस म्हणजे कुणीतरी जागं आहे.

कोट चढवला. बोर्डावरचे स्विच पाडत गेले, जिना, न्हाणी, स्वयंपाकघर,
आकडा हलेना.
शेवटचा, ज्यावर एर्लेंडच्या अक्षरात ‘शेड’,
तो पाडला आणि चाळीसचे तीन झाले.
तीन पेटीचे स्वतःचे.

शेडमध्ये बाकाखाली हातभर लांब हीटरची नळी.
तिच्या वरच्या फळीवर वॉर्निशचे चार डबे,
थंडीत बिघडू नयेत म्हणून.
दोन हिवाळे ती एकटीच हे काम करत होती.
बोटीला वॉर्निश आता कोण लावणार, ते वेगळं.
हात लावला. अजून कोमट होती.

त्याच्याच पेन्सिलीनं, डब्याच्या झाकणावर:
चाळीस गुणिले चोवीस.
रोजचं जवळजवळ एक युनिट.

परत येऊन स्विच वर केला.
मुलीला कळवलं, पेटी आता बरोबर चालते.
बिल तेवढंच येईल.