पुरली का पावलं

ऑफिसने पट्टा दिला, वर स्पर्धा लावली:
महिन्यात तीन लाख पावलं, मग विम्यात सूट.
मी तो वैजंताच्या मनगटावर बांधला.
पाचशे देईन म्हटलं.
"भांडी घासताना काढू नकोस,
पाण्याने काही होत नाही त्याला."

पहिल्याच दिवशी एकवीस हजार.
एचआरकडून टाळ्या आल्या.
सहकारनगरच्या गॅलरीत चहा घेत
मी माझी तब्येत सुधारताना बघत बसले.

मग चुकून झोपेचं पान उघडलं.
दोन चाळीसला जाग. रोज.
चारपर्यंत चढण, एकोणतीस मजले.
तिच्या घराला तर मजलाच नाही,
पर्वतीच्या उतारावर पत्र्याची एक खोली.

"पाणी तेव्हा येतं ना ताई,
खालच्या नळाला. वर नाही चढत ते."
आणि हसून,
"हे रात्री हिरवं लुकलुकतं.
धाकटी म्हणते, आईने काजवा धरलाय."

अ‍ॅपने मला सुचवलं:
संध्याकाळनंतर चहा टाळा.
दीर्घ श्वास घ्या.

एकोणीस तारखेच्या रात्री
ठोके एकशे बेचाळीस,
पाऊण तास,
आणि पाऊल एकही नाही.
ते मी विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्याच वेळेला आली होती,
बाह्या जरा लांब.

तीस तारखेला पट्टा ओट्यावर ठेवला तिने,
पदराने पुसून.
"पुरली का हो पावलं?"
म्हणाली,
आणि केर काढायला वाकली.