दाढनाईकांची बखर

पापाच्या तिकटीला, चपलांच्या दुकानांमागं
आमच्या खोलीत एक पक्कड टांगलेली आहे.
लोकांना वाटतं, चांभाराची.
तळाचा खिळा वर आलाय, काढा म्हणतात.
काढतो.
खिळ्याचे दहा रुपये. हकिकत फुकट.

आमचे मूळपुरुष लाडसाहेब शिकलगार
पन्हाळ्यावर तलवारी परजायला होते.
वेढा पडलेला. किल्लेदार सर्जेराव
तीन महिने तटावर उभे राहून
गनिमावर दातओठ खात होते.
ओठ टिकले. दाढ चिरली.
वैद्यानं लवंग दिली, गुरवानं अंगारा,
शेवटी पहाटे लाडसाहेबांना उठवलं, पकडीसकट.
त्या वेळी सर्जेरावांनी जी आरोळी ठोकली
ती ऐकून गनिमाला वाटलं, छापा पडला.
तंबू तसेच टाकून तो वारणेपार गेला.
बखरीत ओळ एकच : ‘दाढ आली, फत्ते जाहली.’
इनाम गुळाच्या दोन ढेपा, आणि दाढनाईक हा किताब.
ढेपा मुंग्यांनी नेल्या.

पुढं शरण आलेले सरदार
दाती तृण धरून रांगेत उभे राहिले.
लाडसाहेब म्हणाले, उघडलंच आहे तोंड,
तर जरा मोठं उघडा.
सात सरदारांत चार दाढा किडक्या निघाल्या.
आधी त्या काढल्या, मग तह केला.
तिसरं कलम अजून वाचता येतं :
उभयपक्षी मिठाच्या गुळण्या कराव्यात.

मग मेजर पमफ्री आला,
पायानं चालवायचं गिरमिट घेऊन.
तोफेपुढं पापणी न हललेले स्वार
त्याची घरघर ऐकून पागेत लपले.
भुलीचं औषध मिरजेहून यायचं,
येईपर्यंत आणणाराच झोपलेला असायचा.
तेव्हा गंगावेशीतून दोन पैलवान मागवले.
एक छातीवर बसायचा, दुसरा कुस्तीच्या गप्पा मारायचा.
तरीही कुणी हललं, तर वाटीभर तांबडा रस्सा.
जिभेला आग लागली की दाढ आपला अर्ज मागं घेते.
मेजरनं एकदा स्वतः चाखून बघितला.
पुढचे तीन दिवस हुकूम खुणेनं झाले.

आजोबा हुसेन दाढनाईक बसऱ्याला गेले.
कवळ्यांची पेटी बोटीवरून समुद्रात पडली,
उरली फक्त त्यांच्या खिशातली, सोन्याच्या सुळ्याची.
आणि जनरल पाहणीला आला. रांगेत चौदा बोळकी.
आजोबांनी ती एकच कवळी पाठीमागून फिरवली,
हाती हाती, पुसून पुसून.
जनरल एकेकापुढं थांबे, जवान एकेक हसे.
तेराव्यानंतर जनरल म्हणाला,
या पलटणीत सोनं फार दिसतं, पगार कमी करा.
आमच्या घरी दातावर मारायला पैसा का नाही,
ते इथून सुरू होतं.

बापाची सगळी नोकरी टेंबलाईच्या टेकडीवर,
छावणीच्या दवाखान्यात ट्रे धरण्यात गेली.
तो हकिकती सांगायचा नाही. रजिस्टर लिहायचा.
एकदाच म्हणाला, सीमेवर कोण काय ओरडतं
मला ठाऊक नाही, मी गेलो नाही कधी.
पण या खुर्चीत सगळे ‘आई’ म्हणतात,
मद्रासी, शीख, गढवाली, ज्याच्या त्याच्या भाषेत,
आणि मला प्रत्येक वेळी कळतं.

सुभेदार निंबा खामकर, छातीवर पाच पदकं,
त्यांनी अर्धा तास बापाचं बोट सोडलं नाही.
नंतर म्हणाले, हे लिहू नका.
बापानं लिहिलं : ‘खालची, डावी. शौर्याने गेली.’
ते बोट पुढं कायमचं वाकडं राहिलं.
जेवताना ते घासाच्या बाहेर असायचं.

मी काही झालो नाही. खिळे काढतो.
रजिस्टर पत्र्याच्या ट्रंकेत आहे, पक्कड भिंतीवर,
आणि दोन महिने झाले, उजवीकडची वरची दाढ ठणकतेय.
डॉक्टर समोरच्याच माडीवर बसतो,
पोरगा बरा आहे, हात हलका आहे म्हणतात.
जाईन.
शनिवारी नको, गर्दी असते.
सोमवारी बघू.