छाट

अशोक चौकात दुपारी दोनला
माणूस नसतं, ऊन असतं.
पत्र्याखाली मी, टेबलफॅन
आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून चुंबकाची वाटी.

राजव्वा बत्तुल आली. पाटी रिकामी,
विड्या कारखान्यात देऊन कुंभारीला परत निघालेली.
फोन पुढं सरकवला:
"तापलाय बघ. भाकरी भाजंल ह्याच्यावर.
आणि परवा शेजारणीशी गुडघ्याचं बोलले,
तर ह्यात गुडघ्याचे पट्टे यायला लागले बे.
ऐकतंय का काय हे?"

ऐकतं की नाही, मी छातीठोक सांगणार नाही, अक्का.
पण तीन सोमवार तुम्ही सिव्हिलला गेलात,
हाडाच्या खिडकीसमोर दोन-दोन तास बसलात,
ते ह्यानं पाहिलंय. ऐकायची गरजच काय.

उघडून बघितलं.
बॅटरीचं ॲप. नुसता उजेड पाडायचं.
त्यानं मागितलेलं: ठावठिकाणा, फोटो,
आणि एकशे बारा माणसांचे नंबर.
"तुम्ही हो म्हणालाय."
"लाईट गेलती," ती म्हणाली. "हो म्हणाले."

मग तिनं तेच विचारलं जे सगळे विचारतात:
माझ्याकडं काय हाय लपवायला?

मी बापाचं उदाहरण काढलं.
जकार्ड मागाचे भोकं पाडलेले पुठ्ठे
तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवायचा.
चादर बाजारात कुणीही बघावी,
पुठ्ठे घरचे.
छान बोललो असं मला वाटलं.
"ते मागवाल्यांचं," ती म्हणाली. "आमचं सांग."

मला सांगता येईना.
मी बॅटरीचं ॲप काढून टाकलं,
फोनचीच बॅटरी दाखवली, वरून बोट ओढलं की खाली येते ती.
ती भरदुपारी तीनदा लावून, विझवून बघत राहिली.

मग स्वतःशीच बोलल्यासारखं:
"चेकर पाटी उलटी करतो.
ही आखूड, ही सैल, म्हणून मूठभर बाजूला टाकतो.
छाट म्हणतो. त्याचे पैसे नाहीत.
पण ती छाट फेकत नाही बे कुणी.
तीपण विकतात."
थांबली.
"मग हे बी छाटच की."

वीस वर्षं फोन उघडतोय,
हा शब्द मला सुचला नव्हता.

पुढचं सोपं गेलं.
एफ-ड्रॉइड नावाचं दुकान टाकून दिलं,
खातं मागत नाही, नाव विचारत नाही.
त्यातून हेलिबोर्ड: टाइप करायच्या पट्टीला
इंटरनेट लागतंच कशाला? हिला लागत नाही.
तेलुगू अक्षरं बघून ती हसली, नातीचं नाव लिहिलं,
चुकलं, पुन्हा लिहिलं.
ऑरगॅनिक मॅप्समध्ये आसपासचा नकाशा उतरवून ठेवला,
रेंज नसली तरी घरकुलाच्या गल्लीपर्यंत नेईल.
"मला वाट माहीत हाय," ती म्हणाली.
खरं होतं. तरी ठेवला.

फोटोंचं जुनं काढून फॉसिफायचं साधं टाकलं.
व्हॉट्सॲपला मात्र तिनं हात लावू दिला नाही.
जावई भिवंडीला, लेक तिथं, बचत गट तिथं.
मीही फार ताणलं नाही.
माझ्याच फोनमध्ये काय काय आहे
हे तिनं विचारलं असतं तर?

पन्नास झाले, मी म्हणालो.
तिनं माझ्या काउंटरवरच्या डब्याकडं बघितलं,
जो कुणी किती दिले ते
अख्ख्या चौकाला ओरडून सांगतो.
फोन कमरेला खोचला, पदराची गाठ सोडली,
नोटा मोजून माझ्या तळहातावर ठेवल्या, हळूच.

चाळीस होते.

"अक्का, दहा कमी."

रिक्षात पाय ठेवताना वळून म्हणाली,
"छाट!"